बापाच्या वाट्याचं पहिलं वर्ष

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची जुनी रीत. सातव्या महिन्यात लेक माहेरी जाते आणि सव्वा महिना झाल्यावर, कधी तिसरा महिना संपवून परत येते. बाळंतिणीला आराम मिळतो, आईच्या हातचं खायला मिळतं, रीत चांगलीच आहे. अडचण एवढीच, की त्या घरात बाळाचा बाप पाहुणा असतो. शनिवारी संध्याकाळी येतो, रविवारी रात्रीच्या गाडीनं जातो. बाळाला कोणत्या खांद्यावर ढेकर लवकर येतो, भुकेचं रडणं कोणतं आणि झोपेचं कोणतं, हे त्या सव्वा महिन्यात आई शिकते, आजी शिकते, मालिशवाल्या मावशी शिकतात. बाळ घरी येतं तेव्हा बाप चाळीस दिवस मागे असतो. मग प्रत्येक वेळी "थांब, मी घेते" ऐकू येतं, आणि ते चाळीस दिवस भरून निघायचे राहून जातात.

म्हणून सुरुवातीचे सहा आठवडे कोणत्या घरात काढायचे, हे सातव्या महिन्यातच दोघांनी बसून ठरवावं. बाळंतपण आपल्याच गावात करून सासूबाईंना राहायला बोलावता येतं. बायको माहेरी जाणारच असेल, तर बापानं आपली रजा तिकडे जाऊन काढावी, आणि पाहुणचार घ्यायला नव्हे तर काम करायला आलोय हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं. सासरच्या माणसांना संकोच वाटतो, तो दोन दिवसांत जातो.

रजेचा हिशेब मात्र आधीच करायला हवा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला दोनपेक्षा कमी अपत्यं हयात असतील तर १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. प्रसूतीच्या १५ दिवस आधीपासून सहा महिन्यांनंतरपर्यंत ती घेता येते, त्यानंतर ती बुडते. खाजगी नोकरीत अशी रजा देण्याची सक्ती करणारा सर्वसाधारण कायदा नाही, सगळं कंपनीच्या धोरणावर अवलंबून. तेव्हा मनुष्यबळ विभागाला पाचव्या महिन्यातच विचारावं आणि हक्काची रजा साठवायला घ्यावी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे सगळी रजा पहिल्या पंधरवड्यात संपवणं. तेव्हा घरात माणसांची रीघ असते. खरी गरज लागते आजी गावी परत जाते त्या आठवड्यात, आणि पुढे बायको कामावर रुजू होते त्या आठवड्यात. जमत असेल तर प्रसूतीच्या वेळी पाच-सहा दिवस, आणि उरलेली रजा या दोन वेळांसाठी राखून ठेवावी.

दवाखान्यात बापाकडे द्यायचं पहिलं काम कागदांचं नाही, उबेचं आहे. सिझेरियन झालं असेल तर आई काही वेळ शस्त्रक्रियेनंतरच्या खोलीत असते. तेवढा वेळ बाळाला दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवण्याऐवजी बापाच्या उघड्या छातीवर ठेवता येतं. फक्त आधी डॉक्टरांना आणि नर्सना विचारून ठेवावं. शर्टाची बटणं काढायची, बाळाच्या अंगावर लंगोट आणि टोपडं एवढंच, बाळ उभं छातीला चिकटवायचं, मान एका बाजूला वळलेली, नाक-तोंड मोकळं आणि आपल्याला दिसेल असं, वरून शाल. निदान तासभर. सेंट, अत्तर, तंबाखूचा वास नको. कमी वजनाच्या बाळांसाठी १९७०च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉक्टरांनी हाच उपाय सुरू केला, त्यालाच आज कांगारू पद्धत म्हणतात. पूर्ण दिवसांच्या, वजन चांगलं असलेल्या बाळालाही या उबेचा उपयोग होतोच.

बाळ जन्मल्यापासून २४ तासांच्या आत कावीळ ब ची लस, तसंच बीसीजी आणि पोलिओचा पहिला डोस हे सगळं कार्डावर नोंदवलंय का ते घरी निघण्याआधी स्वतः वाचून पाहावं. त्याच कार्डावर पालकांचा फोन नंबर लिहितात. तिथे आपला नंबर द्यावा. गोष्ट छोटी वाटते, पण हिच्याकडे पुढे पुन्हा यायचंय.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. दवाखान्यातल्या बाळंतपणाची माहिती दवाखानाच कळवतो, पण फॉर्मवर आईबापाच्या नावांचं स्पेलिंग आधार कार्डाशी जुळतंय का, हे बापानं उभं राहून तपासावं. एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी पुढे शपथपत्र आणि हेलपाटे होतात. बारसं व्हायचं असलं तर नावाची जागा रिकामी ठेवता येते आणि बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क भरून घेता येते. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढच्या जन्मांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागतो, म्हणून त्याच्या दोन-तीन प्रती काढून ठेवाव्यात.

आता घर. या वर्षातून गेल्यावर आम्ही एकच गोष्ट ठासून सांगू: बापानं मदत करू नये, काम अंगावर घ्यावं. मदतीत एक सांगतो आणि दुसरा करतो. म्हणजे लक्षात ठेवणं, सांगणं आणि झालं का ते बघणं आईकडेच राहतं. लंगोट बदलायचं काम घेतलं, तर भिजलाय हे ओळखण्यापासून ते घ्यायचं. पुसायचं, बदलायचं, शीचा लंगोट आधी वाहत्या पाण्याखाली धरून मग साबणात भिजवायचा, दोनदा खळबळून काढायचा, उन्हात घालायचा, घड्या घालून पुन्हा हाताशी ठेवायचा. साबण कापडात राहिला की पुरळ येतं. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण वापरू नये, त्यानं कापड पाणी शोषत नाही. सुरुवातीला २५ ते ३० लंगोट लागतात. बाळ पावसाळ्यातलं असेल तर आणखी दहा-बारा हवेतच, कारण सुती कापड दोन-दोन दिवस वाळत नाही आणि दमट लंगोटानं बुरशीचं पुरळ उठतं. ते आणखी दहा लंगोट लागतील हे ओळखून आधीच आणणं, हाही त्याच कामाचा भाग.

मुलगी असेल तर पुढून मागे पुसायचं, कधीही उलट नाही. मागची घाण पुढे आली तर लघवीचा संसर्ग होतो. कापूस आणि कोमट पाणी पुरतं, सुगंधी वाइप्स पहिला महिनाभर तरी लांब ठेवलेले बरे. पुसल्यावर लगेच बांधू नये, दोन मिनिटं उघडं ठेवावं. लाली दिसली तर झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर लावावं. टाल्कम पावडर नको, ती श्वासातून आत जाते. डायपर वापरत असाल तर आकार महिन्यावर नाही, वजनावर ठरतो. मांड्यांवर वळ उठले किंवा पाठीवरून शी बाहेर यायला लागली की पुढचा आकार घ्यायचा.

लंगोट मोजण्यामागे आणखी एक कारण आहे. आईचं दूध पुरतंय का, हा पहिल्या पंधरवड्यात घरातला सगळ्यात मोठा घोर असतो, आणि त्याचं उत्तर ओल्या लंगोटांत असतं. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील, लघवी फिकी असेल, तर दूध पुरतंय. पहिल्या काही दिवसांत वजन सात-आठ टक्के उतरणं नेहमीचं आहे. दहा-चौदा दिवसांत ते जन्मवजनावर येतं आणि मग रोज २० ते ३० ग्रॅम वाढतं. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर डॉक्टरांकडे. हे आकडे बापाच्या वहीत असले की "दूध कमी पडतंय वाटतं, वरचं सुरू करा" असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडे दाखवायला काहीतरी असतं, आणि तो वाद बाळंतिणीला घालावा लागत नाही.

रात्र हे बापाचं खरं ठिकाण. नवजात बाळ २४ तासांत आठ ते बारा वेळा पितं, रात्रीसुद्धा. पहिले सहा आठवडे रात्रीची पाजणी टाळू नये, दूध तेव्हाच बसतं. बाप पाजू शकत नाही, म्हणून तो बाजूच्या खोलीत झोपतो, असं सगळीकडे चालतं. पण एका पाजणीला साधारण पाऊण तास लागतो आणि त्यातला पाजण्याचा भाग वीस-पंचवीस मिनिटांचाच असतो. उरलेलं उठणं, बदलणं, ढेकर काढणं आणि निजवणं बापाला जमतं. दर पाजणीला वीस मिनिटं वाचली, रात्रीत तीन पाजण्या झाल्या, तर आईला एक तास जास्त झोप मिळते. टाके ओले असताना तो तास फार मोलाचा असतो.

याची मांडणी अशी करावी. बाळाची गादी बापाच्या बाजूला. ती आईच्या बाजूला राहिली तर प्रत्येक चुळबुळीला तीच जागी होते, आणि बाप उठेपर्यंत तिची झोप मोडलेली असते. उशाशी एक ट्रे: सहा लंगोट, दोन दुपटी, कापूस, थर्मासमध्ये कोमट पाणी, कोरडा पंचा, मलम, झाकणाचा डबा. पिवळा मंद दिवा. मोबाइलचा प्रकाश वापरू नये, तो बाळाला पुरतं जागं करतो आणि आपल्यालाही. बाळ झोपेत कण्हतं, कुंथतं, हातपाय झाडतं. ते दर वेळी जागं झालेलं नसतं. मिनिट-दोन मिनिटं थांबून पाहावं. तोंड हाताकडे वळवायला लागलं, ओठ चाटायला लागलं की ती भूक. रडण्यापर्यंत थांबू नये, रडणारं बाळ नीट छातीला लागत नाही. आधी लंगोट बदलायचा, मग आईकडे द्यायचं. पिता पिता डोळा लागणारं बाळ असेल तर एका बाजूचं पिऊन झाल्यावर बदलायचं, म्हणजे दुसऱ्या बाजूसाठी ते जागं होतं.

पिऊन झालं की आईनं कूस बदलून झोपायचं. ढेकर बापाकडे. खांद्यावर पंचा टाकून बाळाचं पोट आपल्या खांद्याच्या हाडावर येईल इतकं वर घ्यायचं आणि कमरेपासून वर हलकेच चोळायचं. नाही आला तर मांडीवर बसवून, हनुवटीखाली बोटांचा आधार देऊन, किंचित पुढे झुकवायचं. गळ्यावर दाब नको. दहा मिनिटांत ढेकर नाही आला तरी चालेल, थोडा वेळ उभं धरून मग निजवावं. थोडं दूध ओठांवाटे येणं नेहमीचंच. हिरवी उलटी झाली तर मात्र सकाळची वाट पाहू नये, तडक दवाखाना. तो आतड्याच्या अडथळ्याचा इशारा असू शकतो.

निजवायचं नेहमी पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर. उशी नको. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी प्रेमानं शिवून आलेली असते, ती बारशाच्या फोटोपुरती ठेवावी. सैल पांघरूण, मऊ खेळणी, लोड काही नको. आणि बापांनी एक गोष्ट विशेष सांभाळावी: सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला छातीवर घेऊन आपला डोळा लागू देऊ नये. बाळ घसरून गादीच्या फटीत नाक दबून गुदमरतं. दमलेला माणूस दोन मिनिटंच म्हणून टेकतो आणि झोपतो. डोळे जड झाले की आधी बाळ गादीवर.

आंघोळीची जागा घरोघर आजीची किंवा मालिशवाल्या मावशींची असते. ती हिसकावून घेऊ नये, शिकून घ्यावी. नाळ पडेपर्यंत, म्हणजे साधारण एक ते दोन आठवडे, अंग पुसून घ्यायचं. नाळेवर हळद, तेल, राख काही लावायचं नाही, लंगोट तिच्या खाली दुमडायचा. मग पायांवरची आंघोळ. पाटावर पाय लांब करून बसायचं, बाळ नडग्यांवर, डोकं पावलांकडे. दोन्ही पाय जुळलेले हवेत, मधे फट नको. बादलीत आधी गार पाणी आणि मग गरम घालायचं, म्हणजे तळाशी चटका राहत नाही. ढवळून कोपर बुडवून पाहायचं, कोमट लागलं की पुरे. आपल्या तळहातावरून पाणी सोडायचं, तांब्यानं थेट धार नको, तोंडावर तर मुळीच नको. पाच मिनिटांत सगळं उरकायचं. पंखा आधी बंद, कपडे आधी मांडलेले. पालथं घालताना छाती पूर्ण तळहातावर आणि हनुवटी अंगठ्याच्या वर. पहिले तीन दिवस मावशींना शेजारी उभं राहायला सांगावं. सहसा त्या आनंदानं शिकवतात. मालिश खोबरेल तेलानं, हलक्या हातानं. नाक-कानात तेल नको, हातपाय ओढून सांधे "मोकळे" करणं नको, डाळीच्या पिठाच्या गोळीनं लव काढणं नको. धुरीचं भांडं खोलीबाहेर. ओव्याचा असो की धुपाचा, धूर त्या लहान फुप्फुसांना त्रासच देतो.

आता नाजूक भाग. गुटी, मधाचं बोट, काजळ, कानातलं तेल हे सगळं ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, तिथे "नको" कोणी म्हणायचं? आपल्या आईला मुलानं सांगायचं आणि सासूबाईंना लेकीनं. सुनेच्या तोंडी "डॉक्टर नाही म्हणाले" आलं की तो अपमान होतो, मुलाच्या तोंडी आलं की ती माहिती असते. नुसतं नाही म्हणू नये, कारण सांगावं: मधातल्या जंतूंच्या बीजांमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला अंग लुळं पाडणारा आजार होऊ शकतो, सहाण अस्वच्छ असली तर गुटीतून जुलाब होतात, सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा लागत नाही, लागतात ते डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंबच. बदल्यात आजीला दुसरं मानाचं काम द्यावं. दृष्ट काढायला कुणाची हरकत नसते. मीठमोहऱ्या ओवाळून खोलीबाहेर नेल्या की झालं.

त्या थेंबांविषयी: बाळाला रोज ४०० एकक लागतात. बाजारात एका मिलीला ४०० आणि एका मिलीला ८०० अशा दोन्ही बाटल्या मिळतात, म्हणजे एकीची मात्रा एक मिली तर दुसरीची अर्धा. नवी बाटली आणली की लेबल पुन्हा वाचायचं. पॅरासिटामॉलचंही तसंच, आणि जास्त गंभीर. थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर नेहमीच्या पातळ औषधात पाच मिलीत १२० ते १२५. म्हणजे थेंब चौपट तीव्र. डॉक्टरांनी "एक मिली" सांगितलं ते कशाचं, हे तिथेच विचारून बाटलीवर मार्करनं लिहावं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर घरी औषध देऊन वाट पाहू नये, थेट दवाखान्यात न्यावं. अंग गार पडलंय, पिणं सोडलंय, श्वास मिनिटाला साठच्या वर चाललाय, कावीळ तळपायांपर्यंत उतरलीय, तरीही तसंच.

दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरतं. बहुतेक वेळा संध्याकाळी, नेमकं बाप कामावरून येतो तेव्हा. पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे, ताप नाही, अंगठ्याला केस किंवा दोरा गुंडाळलेला नाही (हे खरंच पाहावं), तरी तास-दोन तास रडतं. काखेत धरून, पोट आपल्या कोपरावर टेकवून घरभर चालणं, एकसुरी गुणगुणणं, दिवे कमी करणं, माणसं कमी करणं, यातलं एखादं लागू पडतं, कधी काहीच नाही. संताप चढतो आहे असं वाटलं तर बाळाला पाठीवर सुरक्षित निजवून पाच-दहा मिनिटं बाल्कनीत जावं. रडून बाळाला इजा होत नाही. गदागदा हलवण्यानं मात्र मेंदूत रक्तस्राव होतो, तोही काही सेकंदांत.

या सगळ्यात बाळंतिणीकडे पाहणारा घरात एकटा बापच असतो, बाकीचे बाळाकडे पाहतात. तासाभरात पॅड पूर्ण भिजतंय, ताप आलाय, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येतेय, एका पोटरीला सूज आणि दुखणं आहे, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी दवाखाना. पहिल्या दोन आठवड्यांत कारण नसताना रडू येणं खूप जणींना होतं. दोन आठवड्यांनंतरही ते राहिलं, बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप येत नसली, बाळाविषयी काही वाटेनासं झालं, तर ती नाजूकपणाची गोष्ट नाही, आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेलिमानस फोनसेवेचा नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं. स्वतःचं किंवा बाळाचं बरंवाईट करण्याचे विचार बोलून दाखवले तर फोनवर न थांबता लगेच दवाखान्यात न्यावं, तिला एकटं ठेवू नये. बापांनाही हे नैराश्य येतं. चिडचिड, कामात बुडवून घेणं, घरी यायला नको वाटणं, अशा रूपात ते दिसतं. तोच नंबर त्यांच्यासाठीही आहे.

लसींच्या तारखा सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या, मग नऊ महिन्यांची. बाप एकटा घेऊन गेला तर उत्तम. लस टोचताना बाळाला मांडीवर घट्ट धरायचं, आणि आल्यावर लगेच आईकडे पाजायला. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लसीनंतर एक-दोन दिवस ताप, मांडीला गाठ येते. गाठ चोळायची नाही.

मग येतो बायको कामावर परतायचा दिवस. कायद्यानं पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा २६ आठवड्यांची आहे, पण त्यातले आठ आठवडेपर्यंत आधीच वापरलेले असले तर प्रसूतीनंतर अठराच उरतात, म्हणजे बाळ जेमतेम सव्वाचार महिन्यांचं. तयारी तीन आठवडे आधी सुरू करावी. बायको दूध काढून ठेवेल. साठवणं आणि पाजणं हे खातं बापाचं. स्टीलची किंवा काचेची झाकणाची छोटी भांडी, प्रत्येकात ६० ते ९० मिली, वर तारीख आणि वेळ. पंचवीस अंशांच्या खोलीत चार तास टिकतं. आपल्या उन्हाळ्यात तेवढाही भरवसा धरू नये, लगेच फ्रिजमध्ये. फ्रिजच्या दारात नाही, मागच्या बाजूला. तिथे चार दिवस. वीज जात असेल तर मुदत कमी धरावी. साय वर येते, ते नासलेलं नसतं, भांडं हलक्या हातानं गोल फिरवलं की मिसळतं. गरम पाण्याच्या वाटीत भांडं ठेवून कोमट करायचं, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. उरलेलं दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्यायचं. आई जितके तास बाहेर, त्या प्रत्येक तासाला साधारण ३० मिली असा हिशेब.

बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं. धुवायला सोपं, जंतू राहत नाहीत. बाळाला अर्धवट बसवून कडेनं थोडं थोडं, घोट गिळल्यावरच पुढचं. पहिले दोन-तीन दिवस बाळ थुंकून देतं. आई घरात असेल तर घेतच नाही, तिचा वास येतो; तिनं खरंच बाहेर जावं. फार भूक लागण्याआधी सुरुवात करावी. हे शिकवायला रुजू होण्याच्या आदल्या दिवशी बसलात तर तिघांच्याही डोळ्यांत पाणी येईल. बायकोच्या कार्यालयात ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय देणं बंधनकारक आहे, आणि मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्या तिच्या हक्काच्या. हे तिच्या आधी आपण वाचून ठेवावं.

सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण, आणि दुसऱ्या दिवसापासून रोजचं भरवणं. मुगाची मऊ खिचडी तुपासकट, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, शिजवून कुस्करलेलं अंडं. दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा, मग वाढवत अर्ध्या वाटीपर्यंत. चमचा उलटा केला तर पडेल पण वाहणार नाही इतकं घट्ट. वरणाच्या पाण्यानं पोट भरतं, पोषण होत नाही. मीठ-साखर वर्षभर नको. एका वेळी एक नवा पदार्थ, तीन दिवस. चमचा जिभेनं बाहेर ढकलणं म्हणजे नावड नव्हे. तोच पदार्थ आठ-दहा वेळा द्यावा लागतो.

आता तो फोन नंबर. लसीचं कार्ड, पाळणाघराचा फॉर्म, डॉक्टरांकडची नोंद, सगळीकडे पहिला नंबर आपोआप आईचा लिहिला जातो. मग "ताप आलाय, घेऊन जा" हा फोन तिलाच येतो, आणि कामाच्या मधोमध कोणाला सोडून कोण जाणार हा हिशेब तिच्याच डोक्यात सुरू होतो. एक नंबर बदलला की हे ओझं जागा बदलतं. पाळणाघरात पहिल्या वर्षी मुलं वारंवार आजारी पडतात, सर्दी, जुलाब, पुन्हा सर्दी. आदल्या रात्रीच बोलून ठेवावं: सोमवार-बुधवारी फोन आला तर मी निघणार, मंगळवार-गुरुवारी तू, शुक्रवार ज्याची मीटिंग नसेल त्याचा. साहेबांनाही आधी कल्पना द्यावी, "बायकोला अडचण आहे" असं न सांगता "माझं मूल आजारी आहे, मला जायचंय" असं सांगावं. पिशवीत सुटे कपडे, ओआरएसची पुडी, लसीचं कार्ड आणि वजन लिहिलेली चिठ्ठी कायम ठेवावी. डॉक्टरांकडे पोचल्यावर वजन किती, शेवटचं औषध कधी आणि किती दिलं, आज किती लंगोट ओले झाले, हे विचारतात.